सोवळ्यातला चोर

मराठी म्हणींच्या पंगतीत चोराला बसायला कधी पाट मिळालेला नाही. त्याच्या मनात चांदणे असते, त्याच्या बोंबा उलट्या असतात, त्याला सोडून संन्याशाला सुळी दिले जाते आणि फार झाले तर त्याच्या हातची लंगोटी तेवढी परत मिळते. अपवाद एकच, तो ‘चोरावर मोर’ या म्हणीचा. कारण तिने चोराच्या वर एक जागा आहे एवढे मान्य केले असून त्या जागेवर बसणारा सज्जन असतो की अधिक पोहोचलेला चोर, हा प्रश्न शहाणपणाने उघडा ठेवला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू येथे असलेल्या सकर पंच प्रॉडक्शन्स या कंपनीने २००२ साली प्लेस्टेशन २ या खेळयंत्रासाठी ‘स्लाय कूपर अँड द थीव्हियस रॅकूनस’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला, तेव्हा तिने ही रिकामी जागा, म्हणीचा गंधही नसताना, एका रॅकूनला देऊन टाकली.

रॅकून हा उत्तर अमेरिकेतील झुबकेदार व पट्टेरी शेपटीचा निशाचर प्राणी असून त्याच्या डोळ्यांभोवती निसर्गानेच काळा पट्टा ओढलेला असल्यामुळे तो जन्मतःच तोंड झाकून आल्यासारखा दिसतो. शिवाय कचऱ्याच्या डब्याची झाकणे उघडण्यात त्याचा हातखंडा असल्याने तिकडच्या लोकांनी त्याला चोर ठरवताना आणखी पुरावा मागितला नाही. महाराष्ट्रात रॅकून आढळत नाही, परंतु उदमांजराला ‘कांडेचोर’ म्हणण्याची रीत येथे आहे, त्यावरून रात्री हिंडणाऱ्या प्राण्याच्या नावातच गुन्हा नोंदवून मोकळे होण्याची पद्धत दोन्ही खंडांत सारखीच असावी, असे अनुमान काढता येते. स्लाय (या इंग्रजी शब्दाचा अर्थच धूर्त) निळी टोपी, निळा सदरा, हातमोजे आणि जोडे घालतो, हातात सोनेरी आकड्याची वडिलोपार्जित काठी बाळगतो आणि विजार मात्र घालत नाही. जगातल्या उत्तमोत्तम तिजोऱ्या फोडणाऱ्याला एक विजार मिळू नये, या प्रश्नाचे उत्तर या खेळापासून सुरू झालेल्या मालिकेच्या चार भागांत कोठेही नाही. चित्रण ‘सेल शेडिंग’ पद्धतीचे आहे, म्हणजे संगणकाने घडवलेल्या घनाकृतींना हाताने रंगवलेल्या व्यंगचित्राचे सपाट रंग आणि ठळक कडा दिलेल्या आहेत. त्यामुळे गुन्हा कितीही मोठा असला तरी तो रविवारच्या पुरवणीत घडल्यासारखा वाटतो.

स्लायच्या सज्जनपणाचा उगम त्याच्या स्वभावात नसून कुळाचारात आहे. कूपर हे चोरांचे घराणे आहे, आणि येथे घराणे हा शब्द संगीतात ज्या अर्थाने येतो त्याच अर्थाने घ्यावयाचा आहे. प्रत्येक पिढीतील कूपरने एखादी नवी चाल शोधून काढावी, ती ‘थीव्हियस रॅकूनस’ नावाच्या ग्रंथात नोंदवावी आणि तो ग्रंथ मुलाच्या हाती द्यावा, अशी परंपरा असून ग्रंथाचे नाव लॅटिनसारखे वाटत असले तरी ते लॅटिन नाही. गावठी वैद्याने पुडीवर संस्कृत भासणारे नाव लिहावे तशातला तो प्रकार आहे. जपानमधील रिओइची कूपर या पूर्वजाने मनोऱ्याच्या टोकावर एका पायाने उतरण्याची युक्ती काढली, अमेरिकेच्या पश्चिम भागातील टेनेसी किड कूपरने रूळ, दोर किंवा कठडा यांच्यावरून घसरत जाण्याची, तर प्राचीन इजिप्तमधील स्लायतुंखामेनने अदृश्य होण्याची. खाँसाहेबांनी एखादी चीज शिष्यालाही न सांगता पोटात ठेवून जग सोडावे, तसले कद्रूपण या घराण्यात नाही. मात्र एवढी विद्या एकाच वहीत आणि ती वही एकाच घरात ठेवण्यातला धोका चोराच्या घराण्यालाच कळू नये, हे नवल आहे.

तो धोका स्लाय आठ वर्षांचा असताना खरा ठरतो. ‘फीन्डिश फाइव्ह’ नावाची पाच दुष्टांची टोळी घरात शिरते, त्याच्या वडिलांचा जीव घेते आणि ग्रंथाचे पाच वाटे करून जगाच्या पाच कोपऱ्यांत निघून जाते. वडिलोपार्जित जमिनीची पाच भावांत वाटणी झाली म्हणजे कोणाच्याच वाट्याला नीट पीक येत नाही, हे सातबाऱ्याचा अनुभव असलेल्या वाचकाला सांगावयास नको, आणि येथेही तसेच घडते. वेल्सजवळच्या समुद्रात वादळे निर्माण करून जहाजे लुटणारा बेडूक, अमेरिकेच्या वाळवंटात जुगाराचे शहर चालवणारा बुलडॉग, हैतीतील मंत्रतंत्र करणारी मगर, चीनच्या कुन्लुन पर्वतातील शोभेच्या दारूचा षौकीन पांडा आणि रशियातील ज्वालामुखीत राहणारे यांत्रिक घुबड यांच्यापैकी एकालाही हाती आलेल्या पानांतून कूपरांची एकसुद्धा चाल शिकता आलेली दिसत नाही. अनाथाश्रमात वाढलेला स्लाय पुढे ही पाने एकेक करून परत मिळवतो. म्हणजे पहिल्या भागात त्याने केलेली चोरी तांत्रिकदृष्ट्या चोरी नसून दिवाणी दाव्याची खासगी अंमलबजावणी आहे, आणि कोर्टाच्या तारखा ज्याने पाहिल्या आहेत तो तिच्याकडे सहानुभूतीनेच पाहील.

या घराण्याचा एक नियम आहे, आणि मालिकेचा सारा नैतिक डोलारा त्या एका खांबावर उभा आहे. कूपर सामान्य माणसाला लुटत नाही. तो फक्त चोराची चोरी करतो, कारण गरिबाच्या घरी शिरण्यात ना कसब ना मौज. नियमाचे स्वरूप बारकाईने पाहिले तर तो सोवळ्याच्या जातीचा आहे असे दिसून येते. सोवळ्यात काय करावयाचे यापेक्षा कशाला शिवावयाचे नाही याला महत्त्व असते. मुकटा नेसलेल्या गृहस्थाला स्वयंपाकघरात कोणाशी कडाक्याचे भांडण करण्यास हरकत नसते, फक्त धुतलेल्या पण दोरीवरून काठीने न उतरवलेल्या कपड्याला हात लागता कामा नये. स्लायचेही तसेच आहे. कुलूप फोडणे, भिंत चढणे, खिसा कापणे, पळून जाणे हे सर्व विधी तो नेहमीच्या चोराप्रमाणेच करतो, फक्त सामान्य माणसाच्या वस्तूचा विटाळ होऊ देत नाही, आणि दोरीवरचे कपडे उतरवण्याच्या काठीसारखी एक काठी तर त्याच्या हातात कायमचीच असते.

सोवळ्याचा हिशोब मात्र तपासावा तितका गुंतागुंतीचा होत जातो. पहिल्या भागात वाटेत दिसेल ते फोडून आतील नाणी गोळा करावयाची असतात आणि अशी शंभर नाणी झाली की घोड्याचा एक नाल मिळतो, जो खेळाडूला एक फटका माफ करतो. दुष्टाच्या घरातील फुलदाणी हीसुद्धा दुष्टच, हे गृहीतक मान्य केले तर यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु २००४ सालच्या ‘स्लाय २: बँड ऑफ थीव्ह्ज’ या दुसऱ्या भागात नायक रखवालदारांच्या मागे दबक्या पावलांनी जाऊन त्यांचे खिसे साफ करू लागतो, आणि येथे प्रश्न बिकट होतो. रखवालदार हा दुष्टाचा पगारी नोकर होय. रात्रभर कंदील घेऊन एकाच ओसरीवर ठरावीक पावले टाकणे आणि तेवढ्यात कोणी पाठीमागून आल्यास ते ऐकू न येणे, एवढेच त्याचे काम. त्याच्या खिशातले सोन्याचे घड्याळ त्याने चोरून आणले की लग्नात सासऱ्याकडून मिळवले, याची चौकशी स्लायने कधी केल्याचे दिसत नाही. असा माल ‘थीफनेट’ या चोरांच्या ऑनलाइन बाजारात विकून नवी साधने विकत घेण्याची सोय आहे. वस्तूच्या मालकीची शहानिशा न करता तिची तत्काळ किंमत देणारा हा बाजार पाहिला म्हणजे नियम मोडणे आणि नियम वाकवणे यांत कूपर घराण्याने केलेला भेद किती सूक्ष्म आहे, हे ध्यानात येते.

व्हिडिओ गेममधील इतर चोरांनी ही अडचण वेगवेगळ्या मार्गांनी सोडवली आहे. १९९८ सालच्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ मधील गॅरेट हा सोवळ्याच्या भानगडीतच पडत नाही, त्याला घरभाडे द्यावयाचे असते, म्हणून तो चोरी करतो, आणि महानगरात भाड्याने राहिलेल्या कोणालाही त्याचा युक्तिवाद पटावा. १९९४ सालच्या ‘फायनल फँटसी ६’ मधील लॉक कोल याने शब्दाचा आधार घेतला. तो मनाने अतिशय चांगला, संकटातल्या मुलीच्या मदतीला धावणारा, पण कोणी चोर म्हटले की खवळून उठतो आणि आपण चोर नसून निधिशोधक आहोत असे बजावतो. मग एका शत्रूव्याप्त शहरातून निसटण्यासाठी शत्रूच्या सैनिकाच्या आणि एका व्यापाऱ्याच्या अंगावरचे कपडेही शोधून काढतो. २०१६ सालच्या ‘पर्सोना ५’ मधील टोकियोची शाळकरी मुले तर वस्तूऐवजी दुष्टांची मनेच चोरतात, आणि मन चोरीला गेलेला दुष्ट पश्चात्तापाने ढसाढसा रडत गुन्ह्याची कबुली देतो. मराठीत मन चोरीला गेल्यावर भावगीते निर्माण होतात. कबुलीजबाबाची अपेक्षा येथे कोणी केलेली नाही.

या सर्वांचा मूळ पुरुष शोधावयाचा झाल्यास युरोपीय अभ्यासक रॉबिन हुड किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीचा फ्रेंच चोर आर्सेन ल्यूपँ यांच्यापाशी थांबतील, परंतु शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक या दोघांहून जुना आहे. प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी चोरी करणारा हा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी ते कमळाच्या आकाराचे असावे, चंद्रकोरीच्या की पूर्णकुंभाच्या, याचा शास्त्रोक्त विचार करतो, जानव्याने मोजमाप घेतो आणि सकाळी शेजाऱ्यांनी भिंतीपाशी उभे राहून कारागिरीची वाखाणणी करावी अशी अपेक्षा ठेवतो. चोरीच्या जागी आपल्या तोंडवळ्याचे कार्ड ठेवून जाण्याची स्लायची सवय ही याच कुळातली. दोघांनाही माल नेण्यापेक्षा सही ठेवून जाण्याची अधिक काळजी. फरक इतकाच की शर्विलकाने चोरलेले दागिने एका निष्कांचन सज्जनाच्या घरी ठेव म्हणून ठेवलेले होते, आणि त्यामुळे कूपरांच्या ग्रंथात त्याला प्रवेश मिळाला नसता.

स्लायच्या टोळीत आणखी दोघे आहेत. बेंटली हे कासव बुद्धीचे काम पाहते आणि मरे हा पाणघोडा उरलेले. मरे हे नाव मराठी कानाला अशुभ वाटले तरी त्याचा धारक कोणत्याही अपघातातून सुखरूप बाहेर पडतो, टोळीची व्हॅन चालवतो आणि स्वतःविषयी शास्त्रीय ग्रंथाप्रमाणे तृतीयपुरुषी बोलतो. दुसऱ्या भागापासून प्रत्येक मोठ्या चोरीपूर्वी स्लायने ठिकाणाची छायाचित्रे काढून आणावयाची आणि बेंटलीने ती एकामागून एक पडद्यावर दाखवीत योजना समजावून सांगावयाची, असा शिरस्ता पडतो. चोरी म्हणजे अंधारात साधलेला क्षण, ही कल्पना येथे संपते. सभा, सादरीकरण, कामांची वाटणी, शंकानिरसन आणि शेवटी सादरीकरणात नसलेलेच काहीतरी घडणे, असा जो क्रम कोणत्याही सरकारी वा खासगी कचेरीत आढळतो तोच या टोळीत आढळतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी तर हे तिघे कैरोतील संग्रहालयात मोठ्या तयारीने शिरतात आणि तेथील माल आधीच दुसऱ्या टोळीने नेल्याचे त्यांना कळते. चोराच्या घरी नव्हे, तर चोराच्या कामाच्या ठिकाणी झालेली ही चोरी.

त्यांच्या मागावर असलेली इन्स्पेक्टर कार्मेलिता फॉक्स ही इंटरपोलची अधिकारी आहे. पाठलाग करताना ती विजेचे गोळे सोडणारे पिस्तूल चालवते, आणि त्याने स्लाय सोडून आजूबाजूचे बहुतेक सर्व काही फुटते. येथे एक तपशील नोंदवणे आवश्यक आहे. इंटरपोल ही १९२३ साली स्थापन झालेली, देशोदेशींच्या पोलिसांमध्ये माहितीची देवाणघेवाण घडवून आणणारी संघटना असून तिला स्वतः कोणाला अटक करण्याचा अधिकार नाही. तिचे खरे शस्त्र म्हणजे पत्रव्यवहार. याचा अर्थ असा होतो की या मालिकेत चोर आपल्या धंद्याचा नियम कसोशीने पाळतो आणि पोलीस अधिकारी मात्र पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत आपल्या अधिकारकक्षेबाहेर वावरते. पहिल्या भागाचा प्रारंभच स्लायने पॅरिसमधील इंटरपोलच्या कचेरीतून तिच्याजवळची फाइल पळवण्याने होतो. (पोलिसांकडून स्वतःच्याच वडिलांच्या खुन्यांची फाइल मिळवण्यासाठी अर्जाऐवजी घरफोडीचा मार्ग अवलंबणे वेळ वाचवणारे ठरते, हे येथेही अनेकांना मान्य व्हावे.) शेवटी ती त्याला पळून जाण्यासाठी दहा सेकंद मोजते आणि तो ती सत्कारणी लावत तिचे चुंबन घेऊन तिलाच कठड्याला बेडीने जखडून जातो. आकड्यांच्या हिशोबात हा सौदा त्याला फायद्याचा पडला, तरी एका नेक अधिकाऱ्याची बेडी नेमकी कोणत्या दुष्टाची मालमत्ता होती, हे सांगता येत नाही.

भारतीय वाचकाचे कुतूहल चाळवणारा भाग अर्थात दुसऱ्या खेळातील भारताचा. तेथे राजन नावाचा वाघ भेटतो. कलकत्त्याच्या रस्त्यावर दारिद्र्यात वाढलेला, पुढे डोंगरांचा स्वामी म्हणवून घेणारा हा गृहस्थ महालात मेजवान्या देतो, आणि त्याचा धंदा म्हणजे मसाल्याची तस्करी. मसाला म्हणजे मसालाच. त्याला दुसरा गूढ अर्थ नाही. खेळाच्या जगात काही मसाले बेकायदा असून ते पोटात गेले की माणसाचा राग अनावर होतो, तो संमोहित होऊन दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि कधी काय करील याचा नेम राहत नाही. बेलव्ह्यूच्या लेखकांनी ही कल्पना निव्वळ प्रतिभेच्या बळावर बांधली असावी, तथापि कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा वाढताना ‘थोडा झणझणीत आहे’ एवढीच सूचना मिळालेल्या पाहुण्याचा अनुभव लक्षात घेतला तर तिच्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणता येत नाही. गोडा मसाला या कायद्याखाली येतो काय, एका कुटुंबाला वर्षाचे तिखट किती बाळगण्याची मुभा आहे आणि उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत घालणे हा गुन्ह्याचा पुरावा ठरतो की गुन्हाच, यांबाबत खेळ मौन पाळतो. जंगलातल्या देवळात राजन एका यांत्रिक हृदयाच्या जोरावर मसाल्याचे पीक वाढवतो, हे दृश्य मात्र कृषी विद्यापीठांनी पाहण्यासारखे आहे.

त्याच्या महालातील मेजवानीत रशियातल्या त्या यांत्रिक घुबडाचे पंख एका पुतळ्यावर मांडलेले असतात. ते उतरवण्यासाठी पाहुण्यांचे लक्ष दुसरीकडे वेधणे आवश्यक असल्याने स्लाय उंची पोशाख करून चक्क कार्मेलिताबरोबर नाचतो, आणि सबंध महाल तो नाच पाहत असताना त्याचे मित्र ते पंख उतरवून नेतात. चोर आणि पोलीस यांनी सर्वांसमोर हातात हात घालून नाचावे व पाहणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात वावगे दिसू नये, हा प्रसंग भारतात घडतो, यात लेखकांचा कोणताही उपहास नसावा. मसाल्याच्या लोभाने मुळात या देशात कोण कोण आले, याचा मात्र खेळात उल्लेख नाही. मिरीच्या वासाने १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागलेले आणि १५१० मध्ये गोव्यात ठाण मांडून बसलेले पोर्तुगीज कूपरांच्या व्याख्येत अगदी नेमके बसतात. त्यांच्या गलबतांवर या घराण्यातील एखाद्याने हात मारला असता तर ते सोवळ्यातही बसले असते आणि ग्रंथाचे एक पान कोंकणीत मिळाले असते.

मालिकेचा खरा खलनायक क्लॉकवर्क हे ते यांत्रिक घुबड. कूपरांच्या द्वेषापायी त्याने आपले शरीर तुकड्यातुकड्याने लोखंडाचे करून घेतले आणि पिढ्यान्पिढ्या जिवंत राहिले. स्लाय लहान असताना त्याने त्याला मुद्दामच मारले नाही, कारण त्याला हे सिद्ध करावयाचे होते की ग्रंथ काढून घेतल्यावर कूपर म्हणजे एक सामान्य पाकीटमार उरतो. घराणेशाहीवर इतकी मूलगामी टीका करणारा आणि तिचा पुरावा मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबणारा समीक्षक संगीताला किंवा राजकारणाला अजून लाभलेला नाही. त्याचा निष्कर्ष चुकतो, पण प्रश्न चुकत नाही. २०१३ साली सँझारू गेम्स या दुसऱ्या कंपनीने काढलेल्या ‘थीव्ह्ज इन टाइम’ या चौथ्या भागातील ल पॅराडॉक्स हा स्कंक, म्हणजे दुर्गंधी फवारणारा अमेरिकी प्राणी, उलट्या टोकाने घराण्याच्या मागे लागतो. भूतकाळात हस्तक पाठवून, खोटी कागदपत्रे पेरून त्याला आपला वंश राजवंश असल्याचे सिद्ध करावयाचे असते. वंशावळ विकत देणारे भाट ज्या समाजाने पाहिले आहेत त्याला या योजनेत केवळ कालयंत्राचा खर्च अनाठायी वाटेल.

याच भागात कूपरांचे पूर्वज प्रत्यक्ष भेटतात, आणि पूर्वज भेटले की जे होते ते येथेही होते. जपानचा महान चोर रिओइची सुशीचे, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताबरोबर मासळी वाढण्याचे, दुकान चालवताना आढळतो, अरबस्तानचा सलीम अल-कुपार निवृत्तीच्या गोष्टी करतो, आणि इ. स. पू. १०,००० मधील गुहावासी पूर्वजाचे नाव कोणालाच उच्चारता येत नसल्याने मरे त्याला बॉब म्हणू लागतो. बॉबचे कौशल्य अंडी पळवण्यात आहे. त्या काळात तिजोऱ्या नव्हत्या, टोळ्या नव्हत्या, लुटण्याजोगा दुसरा चोरही नव्हता. होती ती फक्त अंडी आणि त्यांच्यावर बसलेली निरपराध माता. तेव्हा चोरालाच लुटावे हा नियम घराण्यात कोणत्या पिढीत शिरला आणि आधीच्या पिढ्यांचे प्रायश्चित्त कोणी घेतले, हा विषय स्वतंत्र प्रबंधाला पुरेल.

२००५ सालच्या तिसऱ्या भागात केन बेटावरील कूपरांचे पिढीजात भांडार उघडते, आणि त्या अमाप संपत्तीपाशी पोहोचल्यावर नायक स्मृती गेल्याचे सोंग घेतो. कार्मेलिता लगेच त्याला सांगते की तो पोलिसांतला कॉन्स्टेबल कूपर असून तिचा सहकारी आहे. म्हणजे आयुष्यभर नेकीने चाललेली अधिकारी येथे पहिल्यांदा खोटे बोलते आणि आयुष्यभर लबाडी करणारा ते खरे मानल्याचे नाटक करतो. संसाराचा असा समतोल पाया फार थोड्या जोडप्यांना मिळत असेल. चौथ्या भागात मात्र तो पुन्हा जुन्या धंद्याकडे वळतो, तिच्याशी भांडण होते, आणि शेवटच्या गुप्त दृश्यात तो एकटाच प्राचीन इजिप्तच्या वाळूत जागा होतो. त्यानंतर मालिकेचा नवा भाग आलेला नाही, त्यामुळे तो अजून तेथेच आहे असे समजावयास हवे. त्याच्या आसपास रयतेच्या घामाचे सोने पोटात घेऊन बसलेले पिरॅमिड आहेत. मेलेला राजा हा चोर धरावा की सामान्य माणूस, आणि त्याच्या थडग्याला शिवले असता सोवळे मोडते की नाही, याचा निर्णय सांगू शकणारे पुस्तक मात्र काही हजार वर्षे पुढे, पॅरिसमध्ये, एका कासवाच्या ताब्यात आहे.